मधुकर मास्तरांची पेनपरीक्षा

आंधळगावात नवा पेन आला की तो आधी मधुकर मास्तरांच्या हातून पास व्हावा लागे. हा नियम कोणी केला नव्हता, मास्तरांनीच केला होता. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर तपासायला वह्या उरल्या नाहीत, तेव्हा ते पेन तपासू लागले. बसस्टँडजवळच्या चंद्रकुमारच्या जनरल स्टोअर्समध्ये पेन चालवून बघायला एक पुठ्ठा ठेवलेला असे. बाकीची गिऱ्हाइकं त्यावर दोन रेघोट्या ओढून मोकळी होत. मास्तर मात्र प्रत्येक पेनानं आपली सही करत, पूर्ण, खालच्या दोन टिंबांसकट. त्या पुठ्ठ्यावर त्यांच्या नावाशिवाय दुसरं काही दिसत नसे.

"मास्तर, याच्यावर आता शिक्का मारला तर सरकारी आदेशच होऊन जाईन," चंद्रकुमार म्हणे. मास्तर हसत नसत. परीक्षा चालू असताना हसणाऱ्याला त्यांनी जन्मभर भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं.

गावातल्या लग्नपत्रिकांवर नावं लिहिण्याचा मानही त्यांचाच. अक्षर खरोखर देखणं होतं, ते नाकबूल करून चालणार नाही. अडचण एवढीच, की ते मास्तरांनाही ठाऊक होतं.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्याच घरी लग्न निघालं, धाकट्या मुलीचं, डिंपलचं. मांडववाला ठरायच्या आधी पेन ठरवायला मास्तर दुकानात जाऊन बसले. अखेर एक काळा जेल पेन पसंत पडला. बोटं घसरू नयेत म्हणून रबराची पकड, शाई किती उरली ते दिसावं म्हणून पारदर्शक अंग, खिशाला ऐटीत बसणारी क्लिप. दाब न देता धार अशी सुटायची की जणू लोणीच. मास्तरांनी देखणेपणाला दहापैकी नऊ आणि लिखाणाला दहापैकी दहा दिले. फक्त पत्रिकेच्या चकचकीत कागदावर तो चालवून बघायचं राहिलं. सही पुठ्ठ्यावर झकास उठली होती ना, मग झालं.

पत्रिका लिहून झाल्या. प्रत्येक नावापुढे, अगदी खालच्या उजव्या कोपऱ्याशी, त्यांनी 'सहपरिवार' असं लिहिलं आणि शेवटच्या 'र'ला मोराच्या पिसासारखी शेपटी काढली. मग त्यांची बायको सुशीलाबाई रीतीप्रमाणे ओल्या हळदीचं बोट चारी कोपऱ्यांना लावायला बसल्या. पहिल्याच पत्रिकेत कोपऱ्यातला मोर काळ्या चिखलात लोळला.

"आवो, हे पुसून चाललं ना! शाई वाळलीच नाई याची. डॉटपेननं लिवा म्हणलं होतं मी."

मास्तरांनी ओल्या फडक्यानं डाग टिपला. डाग साफ निघाला आणि त्याच्याबरोबर 'सहपरिवार'ही गेलं. ओलसर पिवळ्या जागेवर जेल पेन पुन्हा उठेना.

"मंग तेवढा शब्द डॉटपेननं लिवून टाका."

"एका पत्रिकेवर दोन शाया? मी काय अंगठेबहाद्दर आहे?" मास्तर कडाडले. "नाव आहे ना ठळक? बास झालं."

हळद तर सगळ्यांनाच लावायची होती. ती लागून एकेक मोर लोळत गेला, तशी त्यांनी एकेक पत्रिका स्वतः पुसून स्वच्छ केली. आपलं अक्षर वाचवायला त्यांनी पाहुण्यांची बायकापोरं फडक्यानं टिपून काढली, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

नाकाडोंगरीला मोठ्या बहिणीला, लीलाबाईला, पत्रिका पोचली आणि तिचा फोन आला.

"मधुकर, तू मले एकटीलेच बलावलं. माये पोरं, सुना काय रस्त्यावर पडल्या हायेत का? मी येत नाई."

"बाई, तो शब्द पुसला गेला. मी तोंडी सांगतो ना, सगळे या."

"तूच शिकवत होता ना, लिवल्याबगर खरं नाई मानायचं म्हणून?" फोन बंद.

डिंपलला पहिली हळद आत्यानं लावायची, हे ती लहान असल्यापासून ठरलेलं. तिनं डोळे पुसले आणि एवढंच म्हणाली, "आत्या नाई आली तर मी पाटावर बसत नाई, बाबा." मास्तर त्याच दुपारी नाकाडोंगरीला निघाले.

लीलाबाईनं पाणी दिलं आणि पत्रिका पुढे केली. "लिव."

मास्तरांनी जेल पेन काढला. हळदीच्या डागावर तो कोरडाच फिरला. लीलाबाईनं भिंतीकडे बोट दाखवलं. कॅलेंडरला सुतळीनं एक डॉटपेन बांधलेला होता, दुधाचे खाडे लिहायचा, मागून चावलेला. सुतळी आखूड. मास्तरांना भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

पेन चालतो का ते बघायला हात सवयीनं कॅलेंडरच्या कडेला गेला आणि सही करून मोकळा झाला. पूर्ण, दोन टिंबांसकट.

"पाह्य, अजूनबी आपलंच नाव लिवून राहिला," लीलाबाई म्हणाली. "लगन तुयं हाय का डिंपलचं?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत इतके पेन तपासले, पण एकानंही दुसऱ्याचं नाव लिहून बघितलं नव्हतं. त्यांनी पत्रिका भिंतीला टेकवली आणि पिवळ्या डागावर जोर देऊन निळं 'सहपरिवार' लिहिलं. वाकडं आलं. शेपटी काढायचं सुचलंच नाही.

लीलाबाईनं ते अक्षर लावून वाचलं. "आता येतो."

हळदीच्या दिवशी ती आली ती टेम्पोभर माणसं घेऊन. पोरं, सुना, दीर, जावा, सगळे. त्यांतल्या ज्यांना ज्यांना मास्तरांची पत्रिका मिळाली होती, त्यांनी ती सोबत आणली होती, कारण तो शब्द लिहून घेतल्याशिवाय मांडवात पाय टाकायचा नाही, असं लीलाबाईनं बजावलं होतं. तिच्या हातात तो चावलेला डॉटपेन होता, सुतळीसकट.

"घे मधुकर," ती म्हणाली, "याले तू किती मार्क देते ते मंग सांग." आणि ती डिंपलला हळद लावायला आत गेली. मास्तर मांडवाच्या दारात उभे राहून एकेकाची पत्रिका घेत लिहीत राहिले.