तिसरी हाक

त्या पट्टेवाल्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. कोल्हापूरच्या कोर्टात दाराबाहेर येऊन तो पक्षकारांचा पुकारा करायचा. तीन हाका. तिसरीलाही माणूस हजर नसला, तर दावा निकाली निघायचा. पन्हाळ्यामागच्या वाडीतून एस्टीनं येणाऱ्या बाईनं काय उडत यायचं? हा कसला न्याय?

त्या दिवशी विधवांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या आमच्या समितीनं दाखल करायला लावलेला एका विधवेचा दावा होता. दिरानं तिचं शेत बळकावलं होतं. दोन हाका झाल्या, तिचा पत्ता नाही. मोबाइल तेव्हा आमच्यापैकी कुणाकडंच नव्हता.

दीर हसला. "ती काय येत न्हाय. पुकार की लवकर!"

"थांबा की जरा!" मी पट्टेवाल्यावर ओरडलो.

त्यानं शांतपणे टोपी सारखी केली. "पावणं, वरडू नगा. तिसरी हाक अजून माझ्या तोंडात हाय."

आत साहेबांची घंटा वाजली. तसा तो पायऱ्या उतरला, सावकाश चालत फाटकापर्यंत गेला आणि रस्त्याकडं तोंड करून त्यानं तिचं नाव पुकारलं. चहावाल्यानं ते उचललं, रिक्षावाल्यांनी पुढं स्टँडच्या बाजूला ओरडून दिलं. मी आणि दीर मागोमाग फाटकाशी आलो.

कोपऱ्यावरून आवाज आला, "आलो, आलो!" हातात चपला घेऊन ती पळत येत होती.

दीर भडकला. "पुकारा दारात करायचा असतोय!"

"व्हय की," तिला वाट देत पट्टेवाला म्हणाला. "लांबनं येणाऱ्याला दार हितनंच सुरू हुतंय."