शिवेवर उतरवलेलं ओझं

कठाणी नदीच्या पाण्यात घोटे बुडाले तेव्हा सोमारी थांबली. दोन दिवसांच्या वाटेत ती पहिल्यांदाच आपणहून थांबली होती. मागून सुगंधाबाई वहाणा हातात धरून, एकेक पाय चाचपत येत होती.

"बाई, वाहाना काऊन काढल्या? दगडं टोचून राह्यले ना."

"भिजल्या तर पुढं तीन कोस चावतील."

"मंग आमचे पाय बरे. भिजले तरी चावत नाई, अन् कुत्रंही नेत नाई." सोमारी हसली आणि तिने हात पुढे केला. सुगंधाबाईने तो धरला.

माघाचे दिवस होते, साल त्रेपन्न. सुगंधाबाई मूल गावची, वय सव्वीस. तालुक्याचा कारभार पाहणाऱ्या जनपद सभेने वेळूटोल्याला शाळा काढली, तिथे ती मास्तरीण म्हणून आली त्याला अडीच वर्षं झाली होती. सोमारी त्याच गावची, चाळिशीची. उद्या सकाळी गडचिरोलीच्या कचेरीत दोघींची जबानी व्हायची होती. सोमारी आरोपी म्हणून जात होती, सुगंधाबाई साक्षीदार म्हणून. आणि कचेरीचा प्रश्न एकच होता: वेळूटोल्याच्या शिवेवर पहिलं ओझं कोणी खाली ठेवलं?

ते सुगंधाबाईने डोळ्यांनी पाहिलं होतं. वाटेत दोघींपैकी कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

वेळूटोला हे जंगल खात्याचं गाव. जमीन खात्याची, घराचं लाकूड खात्याचं, माणसं खात्याच्या परवानगीने राहणारी. त्या परवानगीपोटी चुलीमागे एक माणूस बेगारीला द्यायचा. साहेबाच्या शिकारीसाठी हाका घालायचा, रस्त्याची माती टाकायची, तळ हलला की सामान वाहायचं. इंग्रज गेला, जमीनदारी गेली, पण वेळूटोल्याच्या वाटेवर सरकार अजून घोड्यावरूनच येत होतं.

सोमारीचा नवरा मंगरू. एका हाक्यात अस्वलाने त्याचा एक डोळा आणि खांदा नेला. खात्याने त्या दिवशीचा हाका पुरा झाल्याचं लिहून घेतलं, बाकी काही नाही. तेव्हापासून त्या चुलीची बेगार सोमारी करू लागली. ती कधी रडगाणं गायली नाही. डोक्यावर दोन घागरी घेऊन चढण चढताना ती बायकांना हसवायची. पोरगी एकच होती, तिचं लग्न झालेलं. धान, मोहफुलं, चार कोंबड्या आणि एका डोळ्याने पाहणारा नवरा, एवढा तिचा संसार.

निवडणूक आली तेव्हा ती पाच कोस चालून मत देऊन आली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर येऊन बसली.

"बाई, कागद टाकला म्या पेटीत. आता सरकार आमी निवडलं म्हनते."

"हो. तुम्हीच निवडलं."

"मंग ज्याले म्या निवडलं, त्याची पेटी माह्याच डोक्यावर काऊन?"

सुगंधाबाईजवळ राज्यघटनेची माहिती सांगणारी एक मराठी पुस्तिका होती. जनपद सभेनेच पाठवलेली. वेठबेगार करवून घेणं हा गुन्हा आहे, असं तिच्यात साफ छापलेलं होतं. तिने ते वाचून दाखवलं. सोमारी म्हणाली, पुन्हा वाचा. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा तिचे ओठ बरोबर हलत होते.

मग गाव बसलं. वेळूटोल्याच्या लोकांची रीत अशी की गावाचा शब्द एका तोंडाने निघायचा. एकजण जरी नाही म्हणाला तरी उठायचं नाही, पुन्हा बोलायचं. तीन दिवस बोलणं चाललं. शेवटी म्हातारा डोमा तेवढा उरला. तो म्हणाला, "नाई वाहाचं त नोका वाहू. पन आपल्या शिवेत टेकलेली चीज पाहुनी असते. तिले काही झालं त नाक आपलं कापलं जाईन." हे सगळ्यांना पटलं आणि गाव उठलं. मास्तरीण गावची नव्हती, म्हणून त्या बैठकीत नव्हती. हे तिला पुढे एकेकाकडून कळलं आणि तिने ते वहीत लिहून ठेवलं. बैठकीची ही हकीकत त्या वहीतलीच.

अघनात, म्हणजे मार्गशीर्षात, धान कापून बांध्यांत पडलेलं असताना रेंजरसाहेबाचा तळ गावात पडला. पाच दिवसांनी तो सहा कोसांवरच्या दुसऱ्या गावी हलायचा होता. तेवीस चुलींपैकी एकोणीस माणसं ओझ्याला उभी राहिली. तंबू, खाट, टिनाच्या पेट्या, गंगाळ. सोमारीच्या वाट्याला साहेबाच्या लोणच्याची बरणी आली. सुगंधाबाईला त्याच वाटेने पलीकडच्या गावी पोरांची मोजदाद करायला जायचं होतं. वाघाच्या रानात सोबत मिळाली म्हणून ती मागे मागे चालत होती.

शिव आली. साहेबाचा घोडा पुढे गेला होता. सोमारी बाजूच्या गवतावर गेली, तिने बरणी दोन्ही हातांनी उतरवली, हलत तर नाही ना ते पाहिलं आणि बाजूला बसली.

तिच्यामागून डोमाने खाट ठेवली, लच्छूने पेटी. बराच मागे राहिलेला जंगल खात्याचा पत्रू नाकेदार शिव्या देत धावत सोमारीपाशी आला. "काऊन वो, थकली का एवढ्यात?"

"नाई थकली. शिव आली."

"शिव आली त का झालं?"

"पाहुन्याले शिवेपावतर पोचवाचं असते, भाऊ. पोचवलं. याच्याफुडं बेगार होते."

"लय शिकली! मास्तरीन पढवून राह्यली वाटते."

"तुमाले कोन पढवलं शिव्या देनं? आताच त देऊन राह्यले होते."

डोमा हसला. मग झिंगूने तंबू ठेवला. एकामागून एक एकोणीस ओझी गवतावर बसली. कुणी पळालं नाही, कुणी आवाज चढवला नाही. नाकेदाराने काठी उगारली. डोमाच्या पाठीवर दोन बसल्या, लच्छूच्या हातावर एक. ते तसेच बसून राहिले. दमला तेव्हा नाकेदार साहेबाच्या मागे गेला.

सामान तिथे तीन दिवस होतं. गावाने पाळी लावून ते राखलं. दव पडतं म्हणून पेट्यांवर सागाची पानं घातली. मुंग्या लागू नयेत म्हणून बरणीभोवती राखेचं कडं काढलं. चौथ्या दिवशी बैलगाडी आली. नाकेदाराने यादी लावून सामान मोजलं. एक चमचासुद्धा कमी भरला नाही, त्याचा त्याला राग आला असं झिंगू पुढे हसून सांगत असे.

महिन्याने नोटीस आली. सरकारी कामात अडथळा, कट करून. ज्याने सुरुवात केली त्याचं नाव कळलं तर ते एक घर पावसाळ्याआधी उठवण्यात येईल. नाव कळलं नाही तर तेवीसही घरांची परवानगी रद्द. नाकेदाराने संशयित म्हणून सोमारीचं नाव दिलं होतं. पण आपण तेव्हा मागे होतो, पाहिलं नाही, हे त्याला कबूल करावं लागलं होतं. गावाला विचारलं की गाव म्हणे, "गावानं ठेवलं." पाहणारी आणि गावच्या रीतीत नसलेली अशी एकटी मास्तरीणच होती.

गडचिरोलीला पोचल्यावर दोघी एका ओळखीच्या घरी पडवीत उतरल्या. सकाळी सुगंधाबाईने अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, हात जोडले. रोजच्यासारखं तिला काही मागता येईना. देवाला स्मरून खरं सांगेन असं म्हणायचं आणि मग काय सांगायचं? खरं सांगितलं तर सोमारी आणि एका डोळ्याचा मंगरू उघड्यावर. पाहिलं नाही म्हटलं तर ते खोटं. जन्मात तिने जाणूनबुजून खोटं सांगितलं नव्हतं. शिवाय तेवीस घरं जायची ती जायचीच. तरीही ती मनाशी वाक्य जुळवत होती: मी वाकून पायातला काटा काढत होते.

कचेरीसमोर कडुनिंबाखाली दोघी बसल्या. चपराशी नावं पुकारत होता, अजून यांची पाळी नव्हती. सोमारीने पदराची गाठ सोडून भाजलेले मोह काढले आणि अर्धे पुढे केले.

"खा ना, बाई. कालपासून तोंडात पान्याशिवाय काही नाई घेतलं तुमी."

"भूक नाही."

"भूक हाये. तोंडात आधीच काही धरून बसल्या तुमी, म्हनून घास जाऊन नाई राह्यला."

सुगंधाबाईने मोह पदरात ठेवले. मग म्हणाली, "सोमारीबाई, मी सांगणार आहे की मी पाहिलं नाही. काटा काढत होते म्हणेन."

"कोनता काटा?"

"कोणताही."

"वाहाना घालून काटा?" सोमारीला खरंच हसू आलं. जवळची दोन माणसं वळून पाहू लागली तेव्हा तिने पदर तोंडावर धरला. "तुमाले लबाडी येत नाई, बाई. कचेरीतला साहेब एका घडीत धरीन. अन् तुमी घरी रोज त्या फुटक्या कुंडीतल्या तुळशीफुडं हात जोडता. माह्यापायी तिच्यासंगं भांडन नोका घेऊ."

"मग तुमचं नाव सांगू? घर जाईल तुमचं."

सोमारी एक मोह तोंडात टाकून चावत राहिली. आत चपराशाने कुणा इसरूचं नाव पुकारलं. एक म्हातारा उठून टोपी सारखी करत आत गेला.

"आता आपली पाळी," सुगंधाबाई म्हणाली.

"हो. आयका मंग." सोमारी तिच्याकडे पुरती वळून बसली. "खरं सांगाचं त समदं खरं सांगा, अर्धं नोका सांगू. पह्यली सोमारी म्हना. बेशक म्हना, त्याच्यात लाज नाई. पन तिथंच थांबू नोका. माह्या मांगून डोमा. डोमाच्या मांगून लच्छू, मंग झिंगू. तुमी मांगून येत होत्या, तुमाले समदी पाळी ठाऊक हाये. एकोनीस होईपावतर सांगजा, मंग कागदावर एकटी सोमारी नाई, समदं गाव राहीन. साहेब बस म्हनीन, कलम खाली ठेवीन, रागावीन. तरी सांगत राहाजा, बाई. शेवटचं नाव लिवल्याबिगर उठू नोका. माह्यं एवढं काम करा."