चिठ्ठीची कोरी बाजू

१९५८ सालच्या कार्तिकात, दुपारी अडीचच्या सुमारास, अमरावतीतल्या एका खाजगी दवाखान्यात माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली. मुलीचा उजवा हात हलत नव्हता. हे आमच्या लक्षात तिसऱ्या दिवशी आलं.

बहीण पहिल्या बाळंतपणासाठी अकोटहून माहेरी आली होती. आमचा फुलांचा मळा गावाबाहेर होता. शेवंती आणि झेंडू. त्या दिवसांत सकाळी धुकं वाफ्यांवर गुडघ्याएवढं उभं राही आणि आई त्यातून टोपली घेऊन येताना पायांशिवाय चालल्यासारखी दिसे. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. दुपारी जाई, रात्री परत येई. त्या आठवड्यातलं मला जे आठवतं त्यातलं निम्मं अर्धवट झोपेतलं आहे. पुढे लिहितो ते मात्र मी दोघांतिघांकडून ताडून घेतलेलं आहे.

कळा मंदावल्या म्हणून डॉक्टरने कळा वाढवायचं इंजेक्शन दिलं. तासाभराने दुसरं दिलं. त्यानंतर कळा थांबेचनात. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. बाळ ओढून काढलं. बहिणीचं रक्त थांबत नव्हतं, म्हणून डॉक्टरने मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली. तीत दोन्ही इंजेक्शनांच्या वेळा होत्या. तेवढ्यात रक्त थांबलं. चिठ्ठी माझ्या हातात राहिली आणि घरी आल्यावर मी ती देवळीत ठेवली.

न्हाऊ घालणाऱ्या बाईने तो हात पाहिला. पाण्यात दुसरा हात हलत होता, हा नुसता तरंगत होता. अवघडला असेल, ती म्हणाली, तेल जिरलं की सुटेल.

पाचव्या दिवशी संध्याकाळी पाचवी पुजली. पाट्यावर हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, त्यासाठी पुढ्यात कोरा कागद आणि लेखणी ठेवायची असते. आईने तो मला दुपारीच मागितला. मी कचेरीला निघालो होतो. आमच्या कचेरीत कोऱ्या कागदावर कुणी बातमी लिहीत नसे. जुन्या प्रुफांच्या पाठीवर लिहायची पद्धत होती, आणि एक बाजू रिकामी असली की तो कागद आम्ही कोराच समजत असू. देवळीतली घडी मी उलटी केली, पाठ कोरी दिसली, ती दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तो कागद न उघडता विहिरीच्या पाटात सोडला. मी धुऱ्याच्या बांधावर उभा होतो. कागद वाफ्यावाफ्यातून हळूहळू गेला, झेंडूच्या मुळाशी अडला, भिजला, पुन्हा निघाला. ऊन कोवळं होतं. शेवटच्या वाफ्यापाशी तो दिसेनासा झाला. मला ते पाहताना बरं वाटलं होतं.

महिना झाला तरी हात तसाच होता. अकोटचे लोक बारशाला आले नाहीत. निरोप आला की चैत्र-वैशाखातल्या ग्रहणात सुनेने वांगी चिरली होती, तिच्या हाताचं पोरीच्या हातावर आलं, आता तिने माहेरीच राहावं. बहीण सांगे की ग्रहण सुटलं असं समजूनच तिने विळी घेतली होती, सासरचं घड्याळ पुढे होतं. हे तिने मला इतक्या वेळा सांगितलं की पुढे पुढे ती ते मुलीला पाजताना स्वतःशीच बोले.

डॉक्टरवर दावा लावायचं मी मनाशी ठरवलं. अमरावतीतल्या दोन वकिलांच्या घरी तोच डॉक्टर जात असे, म्हणून मी अकोल्याच्या वकिलांकडे गेलो. बडनेऱ्याहून गाडी धरली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता आणि खिडकीतून तो पाण्यासारखा मागे वाहत होता. वकील वयस्क होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. नुकसानभरपाईचा दावा एका वर्षाच्या आत लावावा लागेल, असं ते म्हणाले. मुलीच्या वतीने आई वादमित्र म्हणून उभी राहू शकते. न लावला तरी मुलगी अज्ञान आहे तोवर तिची मुदत सुरू होत नाही, सज्ञान झाल्यावर ती स्वतः लावू शकते. मग त्यांनी इंजेक्शनांचा पुरावा मागितला. मी चिठ्ठी म्हणालो आणि पिशवीत हात घातला. पिशवीत ती नव्हती. कुठे गेली ते मला तिथेच, त्यांच्या टेबलासमोर आठवलं.

वकील म्हणाले, "कागद नसेल तर माणूस लागेल."

माणूस एकच होतं. बाळंतपणाला हजर असलेली त्या दवाखान्यातली नर्स. तिच्या घरच्यांनी दोन वर्षांपूर्वी बौद्ध धम्म स्वीकारला होता, आणि त्या घरातली नोकरी करणारी ती एकटीच होती. मी तिच्याकडे गेलो. तिने सगळं ऐकलं, धुणं वाळत घातलं, आणि कोर्टाचं काही बोलली नाही. अकोटचा पत्ता विचारला. सुटीच्या दिवशी आम्ही एसटीने अकोटला गेलो. जिनिंगचे दिवस होते. हवेत कापसाची फुसं तरंगत होती, माणसांच्या केसांवर, बैलांच्या पाठीवर, तिच्या पांढऱ्या पातळावर.

सासूने तिला ओट्यावरच बसवलं. पाणी आलं नाही.

नर्स म्हणाली, "ग्रहणानं हात नाई जात, आजी. सुईनं कळा चढल्या, अन् ओढताना खांद्याची नस ताणली. म्या पाह्यलं. तुमच्या सुनेनं काई केलं नाई."

"मंग इतके दिवस काहून नाई बोलली?"

"मले कोनी इचारलंच नाई. तुमी त वांग्यालेच इचारून राहिल्या."

ओट्याच्या कडेला बसलेला जावई हसला आणि लगेच थांबला. सासूने आत पाहून चहा ठेवायला सांगितलं. नर्सची कपबशी वेगळी होती.

परतीच्या गाडीत नर्सने मला सांगितलं की कोर्टातही ती हेच बोलेल. नोकरी जाईल, पण बोलेल. मी हे घरी येऊन बहिणीला सांगितलं. ती मुलीच्या खांद्याला तेल लावत होती.

"मले दावा नाई पायजे, दादा," ती म्हणाली. "तिची नौकरी गेल्यानं माह्या पोरीचा हात उठंल का?"

मी वकिलांना तसं पत्र लिहिलं. त्यांनी उत्तरात मुलीची जन्मतारीख जपून ठेवायला सांगितली, सज्ञान होण्याचा दिवस त्यावरून मोजतात म्हणून. आम्ही ती नगरपालिकेत नोंदवून घेतली.

पौषातल्या एका मंगळवारी जावई आला. सासूने मुलीसाठी कुंची पाठवली होती. बहीण त्याच दिवशी साडेदहाच्या गाडीने अकोटला गेली.

पुढच्या कार्तिकात वर्षाची मुदत संपली. दावा लावलेला नव्हता. १९६४ साली मुलीचं नाव अकोटच्या शाळेत पहिलीत घातलं. तेव्हा तिचा उजवा हात खांद्यापर्यंत वर येत होता.