गाडीच्या काचा वर करून

अगं बाई, ती वर येईना! डोकं पाण्यात, हात कसेही मारतेय, मग दोरीला लटकली नि खोकायला लागली, आणि मी चपला हातात घेऊन काठाकाठाने धावतेय, सगळं ओलं, आणि मला तर पोहताही येत नाही. कोचबाईंनी कपड्यांनिशी उडी मारून काढली तिला. आठ वर्षांची माझी लेक. ओठ निळे पडलेले.

झालं काय, तर इथे अमेरिकेत, सनीव्हेलला तेव्हा मराठी घरं थोडीच, कुणाचं काही असलं की सगळं मंडळ जायचं. हिच्या पोहण्याच्या रेसलाही आले, गाड्या भरून. ही उडी मारायच्या स्टँडवर चढली, सगळीकडे चिडीचूप, आणि शेजारच्या काकांनी हाळी दिली, "गणपती बाप्पा..." आणि सगळे, "मोरया!" तिने मान वळवून बघितलं. तेवढ्यात शिट्टी झाली, आणि ती कशीतरीच पाण्यात पडली.

नंतर कोचबाई मला बाजूला घेऊन हळू हळू बोलल्या. काही मुलांना ओरडून जागं करावं लागतं, तेव्हा कुठे ती जोर लावतात. तुमची मुलगी आधीच भरलेली असते. थोडी धाकधूक हवी, पण फार झाली की हातपाय आखडतात, श्वास कधी घ्यायचा तेच विसरते. मी नववीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अर्धंमुर्धं कळलं, पण दूध उतू जातं तसंच ना हे? तेवढं कळलं.

पार्किंगमध्ये काका म्हणाले, "वहिनी, पोरीला जरा धीट करा. देवाच्या नावाला घाबरते?"

हे हसले. "आईवर गेलीय."

घरी केस पुसताना ती म्हणाली, "आई, नेक्स्ट टाइम कोणी नको."

"बरं. मी एकटीच येईन."

"नो. तू पण नको. तू घाबरतेस ना, मला वरून दिसतं. मग मला पण होतं."

पुढच्या रेसला मी तिला दारात सोडलं आणि गाडीत बसले, काचा वर करून. आतून शिट्टी ऐकू आली, मग ओरडा. ती पहिली आली होती. मग दर वेळी तसंच. माझी लेक पाण्यात कशी दिसते, मी कधी पाहिलंच नाही हो. आता मोठी स्पर्धा आहे. पूलच्या मागच्या दाराला काच आहे, तिथून दिसतं म्हणतात, पण तिने वर बघितलं तर?

तुम्ही काय केलं असतं?