मण्यामण्याला गाठ

बायजामावशीला नाही म्हणायची सोय नव्हती. ती पेणजवळच्या जिते गावात राहायची आणि पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना खडे-मोती लावायचं काम करायची. सगळे गणपती रवाना झाले की मालक उरलेले मोती, लेसचे तुकडे, बेगडीची कात्रणं तिला देऊन टाकायचा, आणि आम्हा भाच्यांचे हाल सुरू व्हायचे. दिवाळीपासून ती त्याचे दागिने करत बसायची. आमचे कान, आमचे गळे, आमचे दंड, तिच्या तावडीतून काही सुटायचं नाही.

वाया म्हणून काही घालवायची नाही. माझ्या कानातल्यांना मागून लग्नपत्रिकेचा पुठ्ठा चिकटवलेला होता. रोह्याच्या एसटी स्टँडवर एका बाईने माझ्या कानामागचं ‘आमंत्रण’ मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हापासून मी ती घालायचं सोडलं. मावशीला सांगितलं तर म्हणाली, “पुठ्ठा चांगला व्हता गो.”

नियम मात्र कडक. मूर्तीवरून गळलेला खडा ती घ्यायची नाही. पाठीला गोंद दिसला की तो देवाचा, पाठ कोरी असली की माणसाचा. एकेक खडा उलटा करून बघत बसायची. समोर बसणाऱ्याचा जीव जायचा. आणि माळ ओवायची तर प्रत्येक मण्यानंतर गाठ. “एका जागी तुटला तर एकच मणी पडंल,” म्हणायची. हातभर माळेला तिला आठवडा लागायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात माझ्या शांतीचं लग्न ठरलं. मुलगा खांब गावचा. शिमग्यातच मावशीने पाच पदरी हार करून पाठवला, कुणाच्या तरी हाती, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून. निरोप होता की मुहूर्ताला पोरीने हाच घालायचा. मी तो बघितला आणि डोक्याला हात लावला. गुलाबी खडे, हिरवे खडे, मधेच निळे मोती. जे उरलं ते. आमच्या विहीणबाई सीताबाई म्हणजे बारीक नजरेच्या. त्यांच्यासमोर माझी मुलगी गणपतीच्या उरलेल्या मण्यांत उभी करू? मी हार कपाटात टाकला, रोह्याच्या बाजारातून सोन्याच्या पॉलिशचा छान सेट आणला आणि मावशीला कळवलं, “हार तुटला, मावशी. नशीब आमचं.” शांतीला तर मी काही दाखवलंच नव्हतं. पोरीला कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊला मावशी रोह्याशेजारच्या अष्टमी गावात, आमच्या मांडवात हजर. हातात पिशवी. पिशवीत सुई, दोरा, मेणाचा तुकडा.

“दे तो हार. मुहूर्ताला अजून लय येळ हाय.”

मी म्हटलं, आधी चहा घे. घेतला. म्हटलं, पोहे खा. खाल्ले. म्हटलं, आता पाहुणे यायचे, राहू दे ना. “मी काय पाहुण्यांच्या मधी बसतेय? आतल्या खोलीत बसते.” सकाळपासून माझ्यामागे आचारी, भटजी, फुलवाला, आणि आता ही. मला असा संताप आला म्हणून सांगू!

शेवटी मी कपाटाच्या खोलीत गेले, दार लावलं आणि हार दोन्ही हातांनी ओढला. तुटेना. पुन्हा ओढला. बोटाला वळ उठला. त्या गाठी! मग मी कात्री घेतली आणि पाची पदर चार-पाच ठिकाणी कापले. मणी खाली एकसुद्धा सांडला नाही. लहान लहान तुकडे तेवढे हातात आले. ते अभ्र्यात घालून मी मावशीला नेऊन दिले.

तिने चष्मा लावला. एक तुकडा उचलला, दुसरा उचलला, दोऱ्याची टोकं बोटांत फिरवली. 

“तुटलेला दोरा पिंजतो गो, सरू. ह्यो कापलाय.”

बाहेर सनई सुरू झाली होती.

“पोरीला आवडला नाय व्हय?” मावशीने विचारलं. “तसं सांगायचं. कापायचा कशाला?”

तिचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. ‘आजकालच्या मुलींना नाही आवडत’ एवढं म्हटलं असतं तर मी सुटले असते. तोंडात आलंही होतं. पण शांती तिची लाडकी, आणि नाव शांतीचं जाणार होतं.

“तिने नाही कापला. तिला ठाऊकच नाही. मी कापला, आत्ता.”

मला वाटलं, उठून जाईल. दहा सव्वीसची गाडी धरील. ती मोठा श्वास सोडून म्हणाली, “मंग बरं.”

“बरं काय, मावशी?”

“पोरीने नाय म्हटलं नाय ना अजून. बोलव तिला.”

मी बोलावलं. नऊवारी सांभाळत शांती आली, तुकडे बघितले, सगळं ऐकलं. माझ्याकडे तिने एकदाच पाहिलं. मग गळ्यातला पॉलिशचा हार काढून माझ्या हातात दिला आणि मावशीच्या पुढ्यात खाली बसली, नवी साडी तशीच जमिनीवर. मी ओरडले, “अगं चुरगळेल! मुहूर्त बारा वाजून दहाचा आहे!” दोघींनी ऐकलं नाही. मावशी कापलेल्या जागचे मणी नव्या दोऱ्यात ओवून तुकडे जोडायची, शांती मेण लावून दोरा द्यायची, आणि प्रत्येक मण्यानंतर गाठ! “आज तरी गाठी सोड गो बाई,” मी हात जोडले. मावशी म्हणाली, “मंग मुहूर्ताला उभी राहून पोर मणी येचंल?”

भटजी दोनदा दारात येऊन गेले. तिसऱ्यांदा स्वतः सीताबाई आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हार वाकून नीट पाहिला आणि म्हणाल्या, “किती राहिलाय?”

“दोन पदर,” मावशी म्हणाली.

“तीन पुरेत. चला.”

मावशीने तीन पदरांची टोकं एकत्र गाठली आणि हार शांतीच्या गळ्यात बांधला. मग मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाली, “दोन पदर राह्यले ते तू ओव. तुझ्याच हातानं कापलेत.”

लग्न लागलं. सासरी पाठवणी झाली. चार दिवसांनी मांडव उतरवला तरी मी ओवतच होते. एका मण्यामागे एक गाठ, आणि नीट बसली नाही की मुक्कामाला राहिलेली मावशी ती सुईने उकलून पुन्हा माझ्या हातात द्यायची.