सातवं पान

आम्हा सुरतेतल्या डिंडोलीच्या झाडवेड्यांकडे कुंड्या कमी, किस्सेच फार! झाड मरतं, खत होतं, विषय संपतो. किस्सा मात्र सांगावा तेवढा फोफावतो. आणि आमचे निम्मे किस्से तुळशीरामनानांच्या एका कुंडीतलेच.

नाना आमच्या कापडाच्या लूमवर मास्तर, मी त्यांच्या हाताखाली कारागीर. शेठनं सिंगापूरहून आणलेलं एक अँथुरियम बंगल्यात मरायला टेकलं, शेठनं ते कचऱ्यात फेकलं. नानांनी उचलून जगवलं. हाताएवढी काळपट हिरवी पानं, त्यावर चांदीसारख्या शिरा! अख्ख्या सुरतेत तसं दुसरं आम्ही पाहिलं नव्हतं. आम्ही त्याला मखमलच म्हणायचो.

बातमी शेठपर्यंत गेली. एक दिवस गाडी थेट गल्लीत!

"तुलसीराम, आ तो मारो छोड छे!"

झाड आपलं, असा शेठचा दावा. नाही म्हणावं तर नोकरी जायची. नानांनी हात जोडले, "शेठ, मसणात पोचवलेलं माणूस परत घरात घेतात का?"

शेठनं कुंडीला हातही लावला नाही. नुसता चहा पिऊन गेला बिचारा!

*

मखमलीला गारवा लागतो म्हणून नानांच्या घरातल्या एकुलत्या एक कूलरचं तोंड कायम कुंडीकडं. मे महिन्यात नानांच्या बायकोला, आमच्या काकूंना, सणकून ताप भरला, तरी कूलर हलेना. काकू कण्हत म्हणाल्या, "पुढच्या जन्मी कुंडीतच येते, वारा तरी लागेल!"

मला नानांचा खरंच राग आला. मग नाना उठले आणि त्यांनी कूलर फिरवला. अर्धा!

*

आमच्यातला सुभाष भारी हौशी. रविवारी सगळे बघायला येणार म्हणून त्यानं आपल्या पांढरट मनीप्लांटची पानं लूमच्या सांच्यात घालायच्या तेलानं पुसली. काय चमक! आम्ही वाहवा केली. आठ दिवसांत सगळी पानं करपली.

नानांनी एक करपलेलं पान बोटांत चुरून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "सुभाष, झाडाला बेअरिंग असतं का रे?"

*

आमचा एक नियम होता. मूळ झाडाला सात पानं झाली, की बुडातून फुटलेलं पिल्लू मागणाऱ्याला द्यायचं. मखमलीसाठी पहिला नंबर माझा. तीन वर्षं थांबलो! सातवं पान उघडायला लागलं, की पहिलं गळायचं. सुभाष म्हणायचा, "गळत नाही, म्हातारा खुडतो!"

एका रविवारी नाना दूध आणायला गेले, काकू मोरीत. मी पिल्लू मुळासकट उपटलं आणि जेवणाच्या डब्यात घातलं. घरी नेऊन कुंडीत लावलं. माझ्या बायकोनं, शोभानं, दोन दिवस माझा डबा भरला नाही.

पुढच्या रविवारी नाना कुणाकडंच न बघता म्हणाले, "उंदीर फार झालेत हल्ली."

मी चहा अर्धाच टाकून घरी गेलो.

*

आणि मग खरोखरच उंदरांचं साल आलं. प्लेग! सगळी सुरत स्टेशनाकडं धावली. आम्ही कसेबसे उधना स्टेशनवर गाडीत शिरलो, तर समोरच्या बाकावर नाना आणि काकू! शोभाच्या मांडीवर पिशवी, पिशवीत पिल्लू.

"मखमल?" मी विचारलं.

"एवढी मोठी कुंडी कशी आणू? ओलं गोणपाट गुंडाळलं, देवावर सोडली." नानांचे डोळे भरले होते. मग त्यांचं लक्ष पिशवीकडं गेलं. "यात काय गं?"

"घरातले देव, नाना," शोभानं ठोकून दिलं.

नानांनी पिशवीला हात जोडले. नंदुरबार येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होतो.

*

तीन आठवड्यांनी परतलो. नानांनी कुलूप काढलं तेव्हा मी शेजारीच होतो. मखमलीचा वाळून कोळसा झाला होता. नानांनी खोड नखानं खरवडलं, मुळं उकरून पाहिली. हिरवं काहीच नव्हतं. एवढा खमका माणूस, कुंडी धरून रडला.

मी घराकडं पळालो. शोभा पिल्लाची कुंडी हातात घेऊन दारातच उभी होती. ती नेऊन मी नानांपुढं ठेवली. "नाना, मी... तुमचं..."

नानांनी डोळे पुसले. पानं मोजली. तीन होती, त्यातलं एक पिवळं पडलेलं. चिखल झालेल्या मातीत बोट खुपसून पाहिलं आणि एकदम भडकले,

"चोरलंस ते चोरलंस गाढवा, पाणी किती घालायचं ते तरी विचारायचं!"