सत्कारात गेलेलं मिग

प्रदर्शनाच्या आयोजकांनी माझ्या गिऱ्हाइकाला फसवलं. साकोलीत माझं रंगांचं दुकान आहे. बस डेपोतला हा कारकून तिथे नेहमी येतो. लढाऊ विमानांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती बनवतो. भाव कधीच करत नाही, याचाच मला राग येतो. रंग आधी अंगठ्याच्या नखावर लावतो, वाळेपर्यंत गप्प उभा राहतो आणि म्हणतो, "नाही जमून राहिलं, शेठ. आणखी मळका पाहिजे."

दिघोरीचे एक म्हातारे हवाई दलात मिग विमानांची देखभाल करायचे. त्यांना फोनवर विचारून विचारून यानं त्यांच्याच विमानाची प्रतिकृती केली. ती इथल्या प्रदर्शनात मांडली होती; प्रदर्शन संपलं की त्यांना नेऊन दाखवायची होती. आयोजकांनी प्रमुख पाहुण्यांच्या सत्कारासाठी शाल आणली, श्रीफळ आणलं, स्मृतिचिन्ह मात्र विसरले. मग टेबलावरचं हे विमानच उचलून पाहुण्यांच्या हातात दिलं.

मी भांडायला निघालो, तर यानंच मला अडवलं. "कायले तापून राहिले, शेठ? दुसरं बनवतो नं."

आज तो म्हाताऱ्यांनाच घेऊन दुकानात आला.

"बाबाजी, तुमाले न दाखवताच गेलं ते," तो म्हणाला.

"बरं झालं गेलं," म्हातारे म्हणाले. "फोनवर सांगून कुठं चाकं जमतात? आता माह्यासमोर बनव."

दोघं पोटभर हसले. मला हसू आलं नाही. आयोजकांच्या अध्यक्षांनी माझ्या दुकानात यावं आणि या दोघांच्या तोंडावर सांगावं: ते विमान कोणाला विचारून दिलं?